शंकूच्या स्टील टाकीत दाबाखाली बिअर: नव्यानं शिकणाऱ्यांसाठी

पुण्यात २००९ मध्ये डूलाली सुरू झाली, ती देशातल्या अगदी सुरुवातीच्या मायक्रोब्रुअरींपैकी, म्हणजे जागीच बिअर करून विकणाऱ्या छोट्या कारखान्यांपैकी, एक. त्यानंतर मुंढवा, कोरेगाव पार्क या भागांत एकेक करत आणखी उभ्या राहिल्या, आणि काचेच्या भिंतीमागच्या त्या खाली निमुळत्या होत गेलेल्या चकचकीत टाक्या पुणेकरांच्या चांगल्याच ओळखीच्या झाल्या. त्याच टाकीचं वीस ते साठ लिटरचं धाकटं रूप हल्ली जगभर घरी बिअर करणारे वापरतात. मायक्रोब्रुअरीतही नवी पाककृती आधी अशाच छोट्या टाकीत करून बघतात. माझं रोजचं काम याच टाक्यांशी आहे. शिकायला येणाऱ्या मुलामुलींना जे तोंडी सांगतो, ते इथे सविस्तर लिहीत आहे.

आधी कायद्याचं. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ नुसार परवान्याशिवाय बिअर तयार करणं हा गुन्हा आहे, मग ती सदनिकेच्या बाल्कनीत स्वतःपुरती केलेली पाच लिटर का असेना. त्यामुळे हा लेख दोन प्रकारच्या वाचकांसाठी आहे. एक, पुण्यातल्या परवानाधारक मायक्रोब्रुअरीत नव्यानं रुजू झालेले किंवा होऊ पाहणारे. दुसरे, जिथे घरी बिअर करायला मुभा आहे अशा देशांत राहणारे मराठी लोक. अमेरिकेत १९७८ च्या कायद्यानं ही मुभा मिळाली आणि दोन किंवा अधिक प्रौढांच्या घराला वर्षाला २०० गॅलन, म्हणजे साधारण ७५७ लिटरची मर्यादा आहे. तुम्ही जिथे असाल तिथला नियम आधी बघा.

शंकू कशासाठी

उभ्या नळकांड्याला खाली शंकू जोडायची ही रचना लिओपोल्ड नाथान यानं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पुढे आणली. शंकूचा कोन साधारण ६० ते ७० अंशांचा असतो. यीस्टचं काम संपलं की ते आणि बाकीचा गाळ उतारावरून घसरत तळाच्या व्हॉल्व्हपाशी जमतो आणि टाकी न उघडता खालून काढता येतो. म्हणजे बिअर एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतावी लागत नाही, आणि ओतताना हवा लागायची ती लागत नाही.

वीस लिटरच्या टाकीत शंकूमुळे बिअरची चव सुधारते असं मला वाटत नाही. तेवढीच चांगली बिअर साध्या बादलीतही होऊ शकते. स्टीलच्या टाकीचा खरा उपयोग ती घट्ट बंद होते आणि दाब धरते, यात आहे. वॉर्ट, म्हणजे माल्टचा अजून न आंबलेला गोड रस, आत गेल्यापासून बिअर ग्लासात येईपर्यंत हवेचा संबंध न येऊ देणं बादलीत जवळजवळ अशक्य असतं. म्हणून पैसे शंकूच्या आकारावर घालवू नका. ते झाकण, सांधे, व्हॉल्व्ह आणि थंड करण्याच्या सोयीवर घाला.

दुसरी गोष्ट आताच मनात पक्की करा, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. दाबाचा आकडा एकटा कधीच वाचायचा नाही. शेजारी तापमानाचा आकडा असेल तरच त्याला अर्थ आहे. एक बार दाब २० अंशांवर एक काम करतो आणि २ अंशांवर अगदी वेगळं.

टाकीवरची पाटी वाचा

प्रत्येक टाकीच्या पाटीवर किंवा सोबतच्या कागदावर ती किती दाब सोसते ते लिहिलेलं असतं. तो आकडा सापडेपर्यंत टाकीत गॅस सोडू नका. दिसायला अगदी सारख्या दोन शंकूच्या टाक्यांपैकी एक जेमतेम ०.२-०.३ बारची असू शकते. तो दाब बिअर ढकलून काढण्यापुरता असतो. दुसरी पूर्ण १ बारची असते. हिला युनिटँक म्हणतात, कारण आंबवणं, थंड करणं आणि गॅस भरणं हे सगळं तिच्यात एकाच जागी होतं. हा लेख दुसऱ्या प्रकाराबद्दल आहे.

एककांचा गोंधळ इथेच मिटवू. १ बार म्हणजे १४.५ पीएसआय. भोसरी-चाकणकडचा फॅब्रिकेटर ‘एक किलो प्रेशर’ म्हणतो तेव्हा त्याला दर चौरस सेंटीमीटरला एक किलो म्हणायचं असतं, आणि ते जवळजवळ एक बारच असतं. गेजवर दोन-तीन मापं छापलेली असतात. आपण कोणतं वाचतोय ते टाकीवर मार्करनं लिहून ठेवा.

घरातला प्रेशर कुकरही साधारण एक बारलाच शिट्टी देतो, त्यामुळे एक बार म्हटलं की कुणाला भीती वाटत नाही. पण कुकरचं झाकण वीस-बावीस सेंटीमीटरचं असतं आणि तो अर्ध्या तासात गॅसवरून उतरतो. तीस सेंटीमीटर व्यासाच्या टाकीच्या झाकणावर एक बार दाब म्हणजे सातशे किलोंहून अधिक जोर, आणि तोही आठवडाभर. क्लॅम्प अर्धवट बसलेला असताना किंवा आत दाब असताना सैल केला, तर हा जोर झाकणाच्या दिशेनं सुटतो. म्हणून आमच्याकडे एक सवय सक्तीची आहे: कुठल्याही क्लॅम्पला हात लावण्याआधी वरचा गॅसचा व्हॉल्व्ह उघडायचा, गेज शून्यावर आलेलं बघायचं आणि मगच नट फिरवायचा. गेज कधीकधी अडकतं, त्यामुळे नुसत्या काट्यावर विसंबू नका. व्हॉल्व्हमधून फुसफुसणं थांबल्याचं कानानं ऐका.

सुरक्षा व्हॉल्व्ह टाकीच्या मर्यादेला आपोआप उघडणारा हवा, आणि तो दाब नेमणाऱ्या, म्हणजे ठरवलेल्या दाबापेक्षा जास्तीचा गॅस सोडून देणाऱ्या, व्हॉल्व्हपासून वेगळा हवा. एकच व्हॉल्व्ह दोन्ही कामं करतो असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. याचं कारण आकड्यांत बघा. १.०४८ घनतेचं (पाणी म्हणजे १.०००) वीस लिटर वॉर्ट आंबताना साधारण चारशे लिटर कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, आणि टाकीत रिकामी जागा असते पाच-सहा लिटर. फेस वर चढून एक व्हॉल्व्ह तुंबला आणि दुसरा नसला, तर हा गॅस जाईल कुठे?

स्टील, जोड आणि सांधे

बहुतेक टाक्या ३०४ प्रतीच्या स्टीलच्या असतात, आणि बिअरसाठी ते पुरेसं आहे. ३१६ मध्ये दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं, त्यामुळे ते क्लोराइडला जास्त टिकतं. ज्यांना बोअरच्या जड, खारट पाण्यावर काम करावं लागतं त्यांनी ३१६ चा विचार करावा. महापालिकेचं धरणाचं पाणी वापरत असाल तर तेवढ्यासाठी जादा पैसे घालू नका.

टाकी घेताना आतून हात फिरवा. जोड बोटाला लागता कामा नये. जोडाभोवती निळसर किंवा तपकिरी छटा राहिली असेल तर तिथली संरक्षक थर देणारी क्रोमियमची पातळी बिघडलेली असते आणि गंज तिथूनच सुरू होतो. अशी टाकी परत घासून, आम्लानं साफ करून द्यायला सांगा. इथे संकोच करू नका. बाहेरच्या झळाळीपेक्षा आतला एक जोड महत्त्वाचा असतो.

सांधे ट्राय-क्लॅम्पचे हवेत, म्हणजे दोन कडांमध्ये गॅस्केट ठेवून बाहेरून क्लॅम्पनं आवळायचे. दीड इंची फेरुलचा, म्हणजे अशा कडेच्या तोंडाचा, बाहेरचा व्यास ५०.५ मिलिमीटर आणि दोन इंचीचा ६४ मिलिमीटर असतो. हे दोन आकडे लिहून ठेवा, दुकानात उपयोगी पडतात. डेअरी आणि औषध कारखान्यांना माल पुरवणाऱ्यांकडे हेच क्लॅम्प आणि गॅस्केट मिळतात. मात्र आपल्याकडच्या डेअऱ्यांत एसएमएस युनियन नावाचे आट्यांचे सांधेही सर्रास असतात. ते ट्राय-क्लॅम्पला बसत नाहीत. गॅस्केट ईपीडीएम रबराचं किंवा सिलिकॉनचं चालतं. सिलिकॉन मऊ असल्यानं चटकन बसतं, पण त्यातून थोडी हवा झिरपते. जिथे बिअर महिनाभर राहणार तिथे ईपीडीएम बरं.

तळाला बटरफ्लाय व्हॉल्व्ह असलेला उत्तम. स्वस्त टाक्यांना बॉल व्हॉल्व्ह असतो. त्यातल्या गोळ्याच्या मागे बिअरचा थोडासा अंश अडकून राहतो, बाहेरून कितीही पाणी मारलं तरी निघत नाही, आणि पुढच्या बॅचला आंबट वास येतो तेव्हा लोक यीस्टला दोष देतात. बॉल व्हॉल्व्ह असेल तर तीन तुकड्यांत सुटणारा घ्या, आणि दर बॅचला खरोखर सोडा.

पाण्यानं परीक्षा

नवी टाकी आली की आधी पाणी. टाकी अगदी गळ्यापर्यंत, हवा न राहील अशी पाण्यानं भरा, झाकण लावा, आणि कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरवरच्या रेग्युलेटरमधून हळूहळू दाब वाढवत टाकीच्या नेमून दिलेल्या मर्यादेपर्यंत न्या. मर्यादेपलीकडे जाऊ नका, ती चाचणी फॅब्रिकेटरनं करायची असते आणि तिचा दाखला त्याच्याकडून मागायचा असतो. अर्धा तास थांबा आणि कुठे थेंब येतो का बघा. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे त्यात साठलेली ताकद नगण्य असते. काही सुटलंच तर पाणी सांडतं, इतकंच. रिकाम्या टाकीत नुसता गॅस भरून हीच चाचणी केली तर मात्र सुटलेला तुकडा गोळीसारखा जातो. नव्या टाकीवर ती करू नका.

पाण्याची परीक्षा पास झाली की टाकी रिकामी करून ०.३ बार गॅस भरा आणि प्रत्येक सांध्यावर साबणाचा फेस लावा. गॅसच्या शेगडीची नळी तपासतो तसंच. बुडबुडे आले तर गॅस सोडा, क्लॅम्प उघडा, गॅस्केट पुन्हा बसवा. नुसता नट आवळत सुटू नका. वाकडं बसलेलं गॅस्केट आवळल्यानं आणखी बिघडतं.

धुणं

फॅब्रिकेशनचं तेल आणि पॉलिशची पूड नव्या टाकीत असतेच. आधी गरम पाण्यात अल्कली क्लीनर घालून धुवा, भरपूर पाण्यानं खळबळा. मग लिटरला ५० ग्रॅम या प्रमाणात सायट्रिक ॲसिडचं कोमट द्रावण करून अर्धा तास आतून सगळीकडे लागेल असं फिरवा, पुन्हा धुवा आणि दिवसभर उघडी वाळू द्या. हवेतल्या ऑक्सिजननं स्टीलवर जो अदृश्य थर येतो, तोच त्याला गंजण्यापासून वाचवतो. हे काम सुरुवातीला एकदा आणि नंतर वर्षातून एखाददा पुरे.

घरगुती ब्लीच स्टीलला लावू नका. त्यातल्या क्लोरीननं बारीक खड्डे पडतात आणि त्या खड्ड्यांतले जंतू पुन्हा निघत नाहीत. तारेची घासणीही नको. निर्जंतुक करायला फॉस्फोरिक ॲसिडवर आधारलेलं न धुवायचं सॅनिटायझर किंवा पेरासेटिक ॲसिड वापरतात. दुसरं हाताळताना हातमोजे आणि चष्मा हवाच, आणि खिडकी उघडी हवी.

वॉर्ट भरणं, यीस्ट घालणं

टाकीचा पाव भाग तरी रिकामा ठेवा. दाबाखाली फेस कमी येतो हे खरं, म्हणून अनुभवी लोक जास्त भरतात. तुम्ही पहिल्या काही बॅचना तसं करू नका.

पुण्यात एप्रिल-मे मध्ये नळाचं पाणीच इतकं कोमट येतं की त्यानं वॉर्ट २० अंशांपर्यंत उतरणं शक्य नसतं. चिलरचं पाणी किंवा बर्फाच्या पिंपातून फिरवलेलं पाणी लागतं. वॉर्ट गरम असतानाच यीस्ट घालून ‘नंतर थंड होईल’ अशी आशा धरू नका. पहिल्या दिवसाच्या उष्णतेनं जो उग्र, डोकं धरणारा वास येतो, तो नंतर दाबानंही जात नाही.

यीस्ट घालण्याआधी वॉर्टमध्ये ऑक्सिजन मिसळा. सगळ्या प्रक्रियेत ऑक्सिजन मुद्दाम देण्याची ही एकच वेळ. कोरडं यीस्ट असेल तर पाकिटावर लिहिलेलं प्रमाण पाळा. डब्ल्यू-३४/७० हे लागरचं, म्हणजे एरवी थंडीत सावकाश आंबवायच्या बिअरचं, यीस्ट दाबाखाली, जरा उबदार तापमानावरही छान वागतं. वीस लिटरला ११.५ ग्रॅमची दोन पाकिटं घ्या. यीस्टचा अभ्यास करायची आवड असणाऱ्यांना पुण्यात एक मोठी सोय आहे. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे आणि तिथून यीस्टचे वाण मिळू शकतात. मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये मद्यार्क तंत्रज्ञान शिकवलं जातं. या दोन्ही जागा हाताशी असणारं शहर सहसा मिळत नाही.

दाब कधी, किती

पहिल्या दोन-तीन बॅच दाबाशिवाय करा. टाकी, चिलर आणि तुमचा हात यांची ओळख होऊ द्या. त्यानंतर दाब.

आंबताना बिअरमध्ये विरघळलेला कार्बन डायऑक्साइड यीस्टच्या वाढीला आवर घालतो. यीस्ट कमी वाढलं की फळांसारखा वास देणारी एस्टर आणि जड मद्यार्क कमी तयार होतात. लागर एरवी १० ते १२ अंशांवर तीन-चार आठवडे सांभाळावी लागते. दाबाखाली तीच १८ ते २० अंशांवर आठवड्याभरात आंबवता येते आणि बऱ्यापैकी स्वच्छ चवीची होते. उन्हाळ्यात ४० अंशांकडे जाणाऱ्या शहरात टाकी १० अंशांवर धरण्यासाठी चिलरला किती राबावं लागतं, ते वीजबिल भरणाऱ्यालाच माहीत. आमच्यासाठी दाबाचं आकर्षण इथून सुरू झालं.

पद्धत अशी. पहिले बारा ते चोवीस तास दाब ०.२-०.३ बारच्या वर जाऊ देऊ नका, यीस्टला सुरुवातीला वाढायला मोकळीक हवी. आंबणं जोरात सुरू झालं की दाब नेमणारा व्हॉल्व्ह, ज्याला सगळे स्पंडिंग व्हॉल्व्ह म्हणतात, तो हळूहळू फिरवत ०.८ बारपर्यंत आणा. १ बारच्या टाकीला ०.८-०.९ च्या पुढे नेऊ नका. सुरक्षा व्हॉल्व्ह उघडायला थोडं अंतर राहिलं पाहिजे. व्हॉल्व्ह आणि टाकीच्या मध्ये एक रिकामी, तेवढाच दाब सोसणारी बाटली किंवा छोटा केग (बिअर साठवायचं स्टीलचं पिंप) लावला तर चढलेला फेस तिथे अडकतो आणि व्हॉल्व्ह तुंबत नाही. हा मला अतिशय आवश्यक वाटणारा जोड आहे, आणि विकत मिळणाऱ्या संचात तो जवळजवळ कधीच नसतो.

दाब सगळ्या बिअरला मानवत नाही. गव्हाच्या जर्मन बिअरमध्ये केळ्याचा आणि लवंगेचा वास हवा असतो. केळ्याचा वास एस्टरमधून येतो आणि दाबानं तो मरतो. बेल्जियन प्रकारांचंही तसंच. त्या बिअर मोकळ्या आंबू द्या. शिवाय बंद टाकीत गंधकाचा, अंड्यासारखा वास बाहेर जायला वाट नसते. आंबणं संपत आल्यावर दोन-तीनदा दाब हळू सोडून पुन्हा चढू दिला की तो बराचसा निघून जातो.

एलसाठी, म्हणजे उबदार तापमानावर आंबवायच्या बिअरसाठी, मधला मार्ग आहे: मोकळं आंबवा आणि घनतेचे शेवटचे तीन-चार अंश उरले की स्पंडिंग व्हॉल्व्ह ०.८ बारवर नेमून यीस्टचाच गॅस बिअरमध्ये साठवा. घनतेचा एक अंश, म्हणजे १.०१३ वरून १.०१२, हा बिअरमध्ये साधारण अर्धा ‘व्हॉल्यूम’ गॅस देतो. एक लिटर बिअरमध्ये एक लिटर गॅस विरघळलेला असला की तो एक व्हॉल्यूम.

घनता मोजताना नमुना चांगला ढवळून त्यातला गॅस घालवा. बुडबुडे हायड्रोमीटरला वर उचलतात आणि आकडा चुकीचा जास्त दिसतो. घनता दोन दिवस हलली नाही की लोण्याच्या वासाची परीक्षा करा. झाकलेल्या काचेत थोडी बिअर ६० अंशांवर वीस मिनिटं ठेवा, थंड करून हुंगा. पॉपकॉर्नवरच्या लोण्यासारखा वास आला तर डायॲसिटाइल अजून आहे. टाकी आणखी दोन दिवस तशीच उबदार राहू द्या. इथे घाई करणाऱ्यांची बिअर महिन्याभरानं बिघडते.

गाळ काढणं आणि हॉप्स टाकणं

तळाचा व्हॉल्व्ह नेहमी सावकाश उघडा. आत दाब असताना तो एकदम उघडला तर मधूनच बिअरचा बोगदा पडतो आणि गाळ कडेनं तसाच चिकटून राहतो. थोडा उघडा, थांबा, दाट गाळ येऊ द्या, बिअर पातळ झाली की बंद करा. काही तासांनी पुन्हा. पुढच्या बॅचसाठी यीस्ट ठेवायचं असेल तर सुरुवातीचा काळपट आणि शेवटचा पातळ भाग टाकून मधला सायीसारखा भाग घ्या, २ ते ४ अंशांवर ठेवा आणि आठवड्या-दोन आठवड्यांत वापरा. बरणीचं झाकण घट्ट लावू नका. ते यीस्ट जिवंत आहे, गॅस सोडतच राहतं.

दाबाखालच्या बिअरमध्ये कोरडे हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणारी वाळलेली फुलं, टाकणं हा नवख्यांना सगळ्यात जास्त फसवणारा टप्पा आहे. विरघळलेल्या गॅसला हॉप्सच्या खरखरीत पृष्ठभागावर बुडबुडे व्हायला हजारो जागा मिळतात आणि बिअर कारंज्यासारखी वरच्या तोंडातून बाहेर येते. म्हणून हॉप्स टाकायचे असतील तर त्याआधी कित्येक तास दाब हळूहळू उतरवत शून्यावर आणा, किंवा हॉप्स आंबणं संपण्याच्या थोडं आधी, दाब लावण्यापूर्वीच टाका. दुसरा मार्ग मला जास्त पसंत आहे. तेव्हा यीस्ट जागं असतं आणि हॉप्सबरोबर आलेली हवा तेच संपवून टाकतं.

थंड करताना टाकी आत ओढली जाते

टाकी बाहेरच्या बाजूला फुगण्यापेक्षा आत चेपली जाण्याला जास्त हळवी असते. पातळ पत्रा एक बार आतून सोसतो, पण थोड्याशा निर्वातानं बसतो. बिअर २० वरून २ अंशांवर नेली की दोन गोष्टी एकदम होतात. वरचा गॅस आकुंचन पावतो, आणि थंड बिअर आणखी गॅस पिऊन घेते. दाब ०.८ वरून पाहता पाहता शून्याकडे जातो, आणि टाकीला दाब नव्हताच तर शून्याच्याही खाली. म्हणून थंड करायला लावण्याआधी सिलिंडर जोडा, रेग्युलेटर ०.५ बारवर ठेवा आणि तो जोडलेलाच राहू द्या.

गॅस भरणं, आणि पुण्याची उंची

दाब तापमानासोबतच वाचायचा, असं सुरुवातीला म्हटलं ते इथे कामाला येतं. २० अंशांवर १ बार दाब असताना बिअर जेमतेम १.७ व्हॉल्यूम गॅस धरते. लागरला हवे असतात २.५. तेवढे २० अंशांवर धरायला जवळजवळ २ बार लागतील, आणि तेवढी आपल्या टाकीची ताकद नाही. म्हणजे ‘दाबाखाली आंबवली, आता बिअर तयार’ असं होत नाही. निम्म्याहून थोडं जास्त काम यीस्ट करतं, बाकीचं थंड झाल्यावर सिलिंडरनं करायचं. ४ अंशांवर २.५ व्हॉल्यूमसाठी तक्त्यात ०.८ बार दिसेल आणि २ अंशांवर ०.७.

हे तक्ते समुद्रसपाटीचे आहेत. पुणे साधारण ५६० मीटर उंचीवर आहे, इथे हवेचाच दाब थोडा कमी असतो, आणि गेज बाहेरच्या हवेच्या तुलनेत मोजतं. त्यामुळे तक्त्यातल्या आकड्यात इथे साधारण ०.०६-०.०७ बार, म्हणजे एक पीएसआय मिळवा. मुंबईत जमलेली कृती पुण्यात किंचित मचूळ लागते, त्यामागे हेही एक कारण असू शकतं. नुसत्या वरच्या दाबानं गॅस मुरायला आठवडा लागतो. कार्बोनेशन स्टोन, म्हणजे गॅस बारीक बुडबुड्यांत सोडणारी सच्छिद्र कांडी, लावला तर एक-दोन दिवस.

केगमध्ये उतरवणं

केग सॅनिटायझरनं काठोकाठ भरा आणि कार्बन डायऑक्साइडनं ते सगळं बाहेर ढकला. आता केगमध्ये हवा उरली नाही. केगमध्ये टाकीएवढाच दाब ठेवा, बिअरची नळी टाकीच्या बाजूच्या तोटीपासून केगच्या तळाच्या नळीला जोडा, आणि केगची गॅसची बाजू टाकीच्या डोक्याला. दोन्हीकडे सारखा दाब असल्यानं टाकी उंचावर असेल तर बिअर शांतपणे, फेस न होता उतरते. केग बर्फात ठेवून आधी थंड केला असेल तर आणखी छान.

खोलीतला गॅस

कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असतो आणि जमिनीलगत साठतो. दिवसभर काम करायच्या जागेत अर्धा टक्का ही मर्यादा मानतात, आणि चार टक्क्यांना जीव धोक्यात येतो. स्पंडिंग व्हॉल्व्हची नळी खिडकीबाहेर काढा, आणि तळघरात किंवा बंद कोल्डरूममध्ये काम असेल तर अलार्म बसवा. खाली वाकून साफ करणाऱ्याला सगळ्यात आधी त्रास होतो.

सिलिंडर उभा, भिंतीला साखळीनं बांधलेला हवा. त्यात २० अंशांवर साधारण ५७ बार दाब असतो, आणि ३१ अंशांच्या पुढे आतला द्रव द्रव राहतच नाही, त्यामुळे दाब वेगानं चढतो. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत सिलिंडर ठेवून दुसरीकडे कामाला जाऊ नका. भरून घेताना खाद्य प्रतीचा गॅस मागा.

रिकाम्या टाकीचं धुणं

बिअर संपली तरी टाकीत कार्बन डायऑक्साइड भरलेला असतो, आणि कॉस्टिक सोडा हा गॅस शोषून घेतो. बंद टाकीत कॉस्टिक फिरवलं की आतला गॅस नाहीसा होतो, निर्वात तयार होतो आणि टाकी चेपते. गरम पाण्यानं धुतलेल्या बंद टाकीवर लगेच गार पाणी मारलं तरी वाफेचं पाणी होऊन हेच होतं. म्हणून आधी दाब पूर्ण सोडा, वरचं झाकण उघडा, साध्या पाण्यानं खळबळा, थोडा वेळ तशीच राहू द्या. मग कॉस्टिक किंवा अल्कली क्लीनर, पुन्हा पाणी, शेवटी आम्लाचा हलका हात. झाकण लावलेलं असेल तर वरचा एक व्हॉल्व्ह उघडाच ठेवा. गॅस्केट सगळी काढून वेगळी धुवा, वाळवा, आणि ज्यांवर चिरा दिसतील किंवा हॉप्सचा वास जात नसेल ती बदला. टाकी कोरडी करून, तळाचा व्हॉल्व्ह उघडा ठेवून पुढच्या बॅचपर्यंत तशीच राहू द्या.